पाणी न पिणारी लेन्स

यवतमाळच्या दवाखान्यात लेन्स बसवून देणाऱ्या दिपालीताईंनी जियाच्या डाव्या डोळ्यातली लेन्स काढली, बोटाच्या टोकावर घेतली आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात धरली. मग बोट जियाच्या आईपुढे, माहनूरपुढे केलं. लेन्स दवाच्या थेंबासारखी नितळ असायला हवी होती. ती ताकाच्या निवळीसारखी दिसत होती, आणि कडेला राखाडी झाक.

"ही दुसरी," दिपालीताई म्हणाल्या. "दोन महिन्यांत दुसरी. काय लागून राह्यलं हिले?"

"काहीच नाही ताई. तुमी सांगतलं तसंच करते. साबणानं हात धुते, तुमच्याच पाण्यात ठेवते."

दिपालीताईंनी बोट नाकाजवळ नेलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "गुलाबाचा वास येते."

 मागच्या स्टुलावर जियाला मांडीवर घेऊन बसलेल्या आयशाबी, माहनूरच्या सासूबाई, अगदी सहज म्हणाल्या, "मीच टाकते दोन थेंब. त्या पाण्याले दवाखान्याचा वास येते. लेकराच्या डोळ्यात असं वासाचं पाणी घालावं काय? आमचा गुलाबाचा अर्क चोखट आहे. सुरमा त्यातच घोटते आम्ही. चाळीस वर्षं झाले, कोणाच्या डोळ्याले काई नाही झालं."



माहनूरला रागही धड येईना. आयशाबींनी हे चोरून केलं नव्हतं. रोज नमाजनंतर लेन्सची डबी उघडून, 'बिस्मिल्ला' म्हणून, मायेनं दोन थेंब टाकले होते. नातीच्या डोळ्यासाठी घरात जे सगळ्यात शुद्ध होतं, तेच टाकलं होतं.

जिया सात महिन्यांची होती. जन्मली तेव्हा डाव्या डोळ्याच्या बुबुळात दुधाचा थेंब सांडावा तसा पांढरा ठिपका होता. म्हाताऱ्या माणसाला होतो तो मोतीबिंदू लेकराला पोटातूनच झाला होता. दोन महिन्यांची असताना नागपूरला ऑपरेशन झालं. मोतीबिंदू निघाला. पण त्याबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंगही गेलं, आणि भिंगाशिवाय त्या डोळ्याला उजेड आणि अंधार सोडून काही कळत नव्हतं. चष्मा लावावा तर एका बाजूला जाड भिंग, दुसऱ्या बाजूला साधी काच. एका डोळ्याला आई मोठी दिसणार, दुसऱ्याला लहान. लेकराचं डोकं दोन आया एकत्र कशा करणार? म्हणून लेन्स. आणि चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल.

"डोळा पाहाले शिकते ते या दिवसांत," दिपालीताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "शाळेत जायच्या वयात जगातली महागातली महाग लेन्स आणली, तरी मंग तो शिकत नाही."

ते वाक्य माहनूर घरी घेऊन आली होती आणि रोज त्याच्यासोबतच झोपत-उठत होती. धुरकट लेन्समधून गेलेले दोन महिने आता परत मिळणार नव्हते.

दिपालीताईंनी लेन्स कचऱ्यात टाकली आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "हे पाहा. ही मऊ लेन्स आहे. ती पाणी पिते, म्हणून मऊ राह्यते. वरणात पोळी टाकल्यावानी. पण पोळीले वरण आणि नालीचं पाणी यातला फरक कळत नाही. गुलाबजल पिईन, चुलीचा धूर पिईन, बोटाचं तेल पिईन. तुमच्या घरात सुरमा कुठं घोटते?"

"त्याच खोलीत," माहनूर म्हणाली. "खिडकीपाशी खल आहे."

"मंग राखाडी कायची ते समजलं."

दुसरा प्रकार त्यांनी दाखवला तो सिलिकॉनचा. रबरासारखा, डोळ्यात बरेच दिवस राहणारा. "इथं येऊन मीच घालून देईन, मीच काढीन. घरी कोणी हात लावायचाच नाही. तुमच्या घराले हेच बरं, असं माह्यं मत आहे."

आयशाबींचा चेहरा उजळला. "मंग हेच द्या. घातली का विसरली."

"यात नंबर कोणता मिळेल?" माहनूरनं विचारलं.

दिपालीताईंनी जियाचा कागद पुन्हा पाहिला. "याचे नंबर ठराविक येतात. जियाचा मधातला आहे. थोडंसं इकडंतिकडं होईन."

"थोडंसं म्हणजे?"

"थोडं धूसर."

माहनूरनं जियाकडे पाहिलं. ती आजीच्या बुरख्याचं बटण तोंडात घेऊन चोखत होती. "म्हणजे घरच्यांले रोज तरास नको, म्हणून माह्या पोरीनं थोडं कमी पाहायचं."

"तसं नाही वं, माहनूर."

"तसंच आहे ताई. तिसरा कोणता?"

तिसरा प्रकार कडक होता. नखाएवढी, फिकट निळी, काचेसारखी दिसणारी चकती. दिपालीताईंनी ती टेबलावर ठेवली तर टिक असा आवाज आला, आणि आयशाबींनी "या अल्लाह" म्हणून जियाचे डोळे स्वतःच्या तळव्यानं झाकले.

"ही पाणी पीत नाही," दिपालीताई म्हणाल्या. "धुतली का साफ. पाहिजे तो नंबर घडवून येते, नजर सगळ्यात साफ हिच्यातूनच. पण रोज सकाळी घालायची, रोज झोपायच्या आधी काढायची. सुरवातीले लेकरू रडते. डोळा चोळला का टपकन पडते. आणि घालतानी दोन माणसं लागतात, एक धराले, एक घालाले. म्हणून घरोघरचे लोक हिले नाही म्हणतात. मीही कोणाले आग्रह करत नाही."

"पह्यले माह्या डोळ्यात घाला," माहनूर म्हणाली.

"काय?"

"मोठ्या माणसाची असेल ना दाखवाले? ती घाला. तिले किती टोचते ते मले माहीत पायजे."

दिपालीताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग कपाटातून मोठ्यांच्या तपासणीच्या लेन्सचा डबा काढला.

लेन्स डोळ्यात गेली आणि माहनूरला वाटलं, मिरचीचं बी गेलं. पापणी मिटावी तर टोचतंय, उघडावी तर वारा लागतोय. पाणी असं वाहायला लागलं की नकाबाची कड भिजली. "अर्धा तास बाहेर बसा," दिपालीताई म्हणाल्या. ती बाहेर बाकावर जाऊन बसली. शेजारी बसलेल्या खेड्यावरच्या एका बाईनं तिच्याकडे दोनदा पाहिलं, मग हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कोण गेलं, माय?"

"कोणी नाही गेलं," आयशाबी पलीकडून म्हणाल्या. "हौस आहे तिले."

माहनूरला त्या टोचण्यातही हसू आलं. तिनं मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली, शंभर झाले की पुन्हा एकपासून. सातव्या-आठव्या शंभराच्या आसपास टोचणं बोथट झालं. मग पापणीला आलेल्या केसाएवढं राहिलं. मग समोरच्या भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं दिसायला लागली आणि लेन्स आहे हे ती मधूनमधून विसरू लागली. जखम होत नव्हती, फक्त पापणीला सवय नव्हती. सवय लेकराला मोठ्यांपेक्षा लवकर लागते. दूध कसं ओढायचं ते जिया दोन दिवसांत शिकली होती, तिला शिकवणाऱ्या पाच बायका मात्र आठवडाभर भांडत होत्या.

ती आत गेली. "हीच द्या."

एसटी बोरी अरबला, त्यांच्या गावी आली. स्टँडवर उतरताना आयशाबी म्हणाल्या, "दोन माणसं लागतात म्हणे. धरणार कोण?"

"तुमी, अम्मी."

"मी नाही. लेकराले रडवाले मी माह्ये हात देणार नाही. सांगून ठेवते."

लेन्स घडून यायला बारा दिवस लागले. त्या दिवसांत माहनूरनं दोन कामं केली. नखं मुळापर्यंत कापली. आणि सासऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "अब्बा, खल मागच्या पडवीत ठेवू या."

कय्युमभाई पंचक्रोशीत सुरमेवाले म्हणूनच ओळखले जात. मेंदीनं लाल केलेली दाढी, कानात अत्तराचा फाया, आणि आठवडी बाजारात त्यांची हाक लांबून ऐकू यायची, "नजर तेज, डोळे थंड." त्यांच्या वडिलांचा खल होता तो, काळ्या दगडाचा. त्यांनी तिच्याकडे न पाहता सांगितलं, "खल तिथून हालणार नाही."

"बरं," माहनूर म्हणाली, आणि त्या दुपारी आपली गादी, जियाचा पाळणा आणि कपड्यांची पेटी ओढत मागच्या खोलीत घेऊन गेली, जिथं तुरीची पोती आणि जुन्या सायकली होत्या. संध्याकाळी शाहिद, तिचा नवरा, दारव्ह्याच्या गॅरेजमधून घरी आला तर त्याला आपली खोली रिकामी दिसली.

"भांडण झालं काय?"

"नाही. खल हालत नाही म्हणे. मी हालली."

शाहिद सायकली बाहेर काढायला लागला.

लेन्स आल्यावर रोज सकाळी गॅरेजला जायच्या आधी तोच जियाला धरायचा. तिला चादरीत गुंडाळायची, हात आत, डोकं त्याच्या गुडघ्यांमध्ये. माहनूर एका बोटानं वरची पापणी उचलायची, दुसऱ्या बोटावर निळी चकती. पहिल्या दिवशी जिया अशी रडली की आयशाबींनी पुढच्या खोलीत रेडिओ मोठा केला. शाहिदचं तोंड भिंतीकडे.

"इकडं पाहून धरा ना."

"इंजिन उघडणं सोपं आहे, बाप्पा. ते रडत नाही."

लेन्स तीनदा पडली, चौथ्यांदा बसली. माहनूर जियाला छातीशी घेऊन खोलीभर फिरली, आणि तिच्या कानात हळू आवाजात सगळं सांगत राहिली: हे पाह्य पोतं, हे पाह्य दार, ही मी. मी एकच आहे, बाळा, दोन नाही. माफ कर, उद्या परत करणार आहे मी हे. परवा पण.

पाचव्या दिवशी रडणं कुरकुरीवर आलं. दहाव्या दिवशी जिया पापणी उचलायच्या आधीच तोंड वाकडं करायची आणि लेन्स बसली की जणू काही झालंच नाही अशी पायाचा अंगठा शोधायला लागायची.

बाजाराच्या आदल्या दिवशी कय्युमभाई दाराबाहेर उभे राहिले. तिच्या खोलीत ते येत नसत. "उद्या दुकानावर ये. बायका तुह्याबद्दल विचारतात, मेंदी-काजळ माह्याकडून घेतानी लाजतात. पण पोरीची पट्टी काढून आण. दहा ते दोन नको लावू उद्या. घरी आल्यावर लाव."

"संध्याकाळी ती पेंगते, अब्बा. जागी असतानीच लावा लागते."

"एका दिवसानं काय होते?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सुरमेवाल्याची नात, डोळ्यावर पट्टी. माह्या दुकानासमोर. लोक काय समजतील? चाळीस वर्षं मी काय विकलं मंग?"

माहनूरला त्या क्षणी त्यांची दयाच आली. पण दोन महिने धुरकट गेलेच होते. तिच्याकडे द्यायला आणखी एक दिवस नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती बाजारात पोहोचली. कडेवर जिया, उजव्या डोळ्यावर पट्टी, आणि पट्टीवर तिनं स्वतः पेननं काढलेलं फूल. कय्युमभाईंनी पाहिलं, कुप्या मांडत राहिले. आयशाबी शेजारी मेंदीचे कोन लावत होत्या. त्यांनी हळूच ओढणीचा पदर पुढे करून जियाच्या तोंडावर घ्यायचा प्रयत्न केला. माहनूरनं पदर बाजूला केला.

"तिले दिसू द्या, अम्मी."

तासाभरानं भागीरथाबाई आल्या. सासरा गेल्यापासून घरची कापसाची शेती त्याच पाहत, आणि दर बाजाराला एक सुरम्याची कुपी नेत. त्या उकिडव्या बसल्या, जियाची हनुवटी धरली. "काय झालं वं हिच्या डोळ्याले?"

"या डोळ्याले काई नाही, मावशी. त्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्यात लेन्स आहे."

"मोतीबिंदू? एवढ्याशा पोट्टीले?" भागीरथाबाईंनी कय्युमभाईंकडे पाहिलं. थट्टा नव्हती त्यात, खरंच विचारत होत्या. "काय गा कय्युमभाई, घरात एवढा सुरमा असून?"

आजूबाजूची दोन-तीन माणसं वळली. कय्युमभाई तोंड उघडतात तोच माहनूर बोलली. "सुरमा शोभेचा आहे, मावशी. लावला का डोळा देखणा दिसते, अब्बांसारखा सुरमा कोणाचा नाही. पण मोतीबिंदू त्यानं जात नाही, नंबर उतरत नाही. आणि लहान लेकराच्या डोळ्यात तो घालायचाच नाही. मी तर घालू देत नाही."

कय्युमभाईंनी हातातली कुपी खाली ठेवली.

आणि नेमकं तेव्हाच जियानं मूठ करून डावा डोळा चोळला.

माहनूरला दिसलं ते फक्त एवढं, की निळी झाक डोळ्यात नाही. जिया एकदम गप्प झाली. मग तिचा डोळा काही धरायला मिळेना तसा इकडंतिकडं फिरायला लागला आणि ती घाबरून रडायला लागली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात भिंग नाही. भर बाजारात लेकराला काही दिसेनासं झालं होतं.

"कोणी हालू नका," माहनूर म्हणाली.

तिचा आवाज इतका साफ होता की सगळे खरंच थांबले. भागीरथाबाई अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या. माहनूरनं जियाला आयशाबींच्या मांडीवर दिलं, ताडपत्रीवर गाल टेकवला आणि जमिनीलगत तिरपं पाहिलं, दिपालीताईंनी शिकवलं होतं तसं. कुप्यांच्या रांगा, अत्तराचे बूच, एक मुंगी. मेंदीच्या कोनापाशी काहीतरी चमकलं. लेन्सच होती.

"पट्टी काढ आणि घरी जा," कय्युमभाई दातांतून म्हणाले. "झाला तमाशा तेवढा पुरे."

"अर्धा तास जाईन त्यात. आत्ताच बसवते."

"इथं? रस्त्यावर?"

तिनं पिशवीतून बाटली काढली, साबण काढला, रस्त्याच्या कडेला हात धुतले, स्वच्छ रुमालानं कोरडे केले. लेन्स तळहातावर घेऊन लेन्सच्या पाण्यानं धुतली, उजेडात फिरवून कड पाहिली. कुठं टवका नव्हता. मग ती गुडघ्यांवर बसली, आणि तिच्या लक्षात आलं की शाहिद इथं नाही.

जिया आयशाबींच्या मांडीवर हुंदके देत होती. माहनूरनं सासूकडे पाहिलं. काही मागितलं नाही, फक्त बोटावरची लेन्स समोर धरून थांबली. भोवती आता पंधरा-वीस माणसं होती. आयशाबींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग आपली ओढणी सोडवून जियाभोवती घट्ट गुंडाळली, तिचं डोकं मांडीत घेतलं आणि दोन्ही तळवे कानांवर ठेवले. पकड घट्ट होती.

"लवकर कर, दुल्हन. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

लेन्स पहिल्याच वेळी बसली. जियानं पापण्या दोन-तीनदा फडफडवल्या. डोळ्यातून पाणी आलं, गालावरून आयशाबींच्या मनगटावर उतरलं. फिरणारा डोळा हळूहळू मंदावला, आणि थांबला.

गर्दी तशीच उभी. कोणीतरी विचारलं, दुखते काय हो लेकराले? माहनूरनं सांगितलं, पह्यले दुखे, माह्याही डोळ्यात घालून पाह्यली. मग एका बाईनं विचारलं, हे कुठं मिळते, माह्या भाच्याच्या डोळ्यात असाच पांढरा ठिपका आहे, तीन महिन्यांचा आहे तो. माहनूर म्हणाली, उद्याच यवतमाळले न्या, परवा नको, आणि दिपालीताईंचा पत्ता मेंदीच्या कोनाच्या खोक्यावर लिहून तिच्या हातात दिला. भागीरथाबाईंनी आपली सुरम्याची कुपी घेतली, पदराला बांधली आणि म्हणाल्या, "शोभेची तर शोभेची. मले आता मोतीबिंदूची वेगळी सोय पाहा लागन म्हणजे."

माणसं पांगली. कय्युमभाई माहनूरच्या समोर येऊन वाकले. आवाज फक्त तिच्यापुरता होता.

"माह्या दुकानावर बसून माह्या मालाले नाव ठेवलं तू. माह्या बापाच्या नावाचा सुरमा आहे तो. घरी चल, मंग बोलू आपण."

"दोनपर्यंत पट्टी आहे, अब्बा. तोवर मी इथंच आहे. इथंच बोला."

"दुल्हन—"

जिया आजीच्या मांडीवरून त्यांच्याकडे पाहत होती. डाव्या डोळ्यानं. तिनं हात पुढे केला. बोटं दाढीच्या बरीच अलीकडे, नुसत्या हवेत मिटली. तिनं रिकाम्या मुठीकडे पाहिलं, पुन्हा दाढीकडे पाहिलं, आणि या वेळी हात जरा लांब नेला.

कय्युमभाईंना मान मागे घेता आली असती. ते तसेच वाकून राहिले, वाक्य अर्धं तोंडात. त्या इवल्याशा मुठीत लाल दाढीची बट होती, आणि जियानं ती चांगली ओढून पाहिली.

"दिसते काय हिले?" त्यांनी विचारलं. माहनूरला नाही, आयशाबींना.

"मले कायले विचारता? दाढी तुमची आहे," आयशाबी म्हणाल्या.

माहनूरनं घड्याळात पाहिलं. सव्वा बारा. तिनं ताडपत्रीच्या कडेला पाय नीट मुडपून घेतले, पाठ ताठ केली आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, मेंदीचा कोन मोठा देऊ की लहान.